खुले पत्र : शहराची सरासरी नको, जलकुंभनिहाय हिशेब द्या

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
शहरातील सर्व लोकप्रतिनिधी,
आणि नाशिकच्या महाविद्यालयांतील भूगोल, वास्तुशास्त्र व स्थापत्य अभियांत्रिकी विभागांचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

शहराला दरडोई किती पाणी मिळते हे काढण्याची रूढ पद्धत सोपी आहे. गंगापूर, दारणा आणि मुकणे या तिन्ही धरणांतून उचललेले पाणी एकत्र धरायचे आणि लोकसंख्येने भागायचे. येणारा आकडा बहुधा समाधानकारक असतो. मात्र त्या आकड्याइतके पाणी प्रत्यक्षात कोणाच्याही नळाला येत नाही. एखाद्या सोसायटीच्या टाकीत दोन दिवस पुरेल इतके पाणी पडत असेल आणि त्याच वेळी वाहिनीच्या शेवटच्या टोकाला एक बादली भरायला पाच मिनिटे लागत असतील, तरी सरासरी जागची हलत नाही.

म्हणून आमची मागणी अशी : नाशिकने सेवांचा हिशेब शहराच्या सरासरीत मांडणे थांबवावे, तो जलकुंभाच्या क्षेत्रनिहाय (एका उंच टाकीतून जेवढ्या भागाला पाणी जाते तेवढ्या भागानुसार) मांडावा आणि नव्या कामांचा पैसा त्या हिशेबातल्या तुटीप्रमाणे वाटावा. पत्र लांबले आहे, कारण हे कसे करायचे ते सांगितल्याशिवाय नुसत्या मागणीला अर्थ नाही.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका व भोवतालची गावे मिळून महापालिका झाली. प्रत्येक नगरपालिका आपापल्या वाहिन्या, गटारी आणि सवयी घेऊन आली. सिडकोने वसवलेली वसाहत नंतर हस्तांतरित झाली, तिचे जाळे सिडकोच्या आराखड्याने टाकलेले होते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींभोवती कामगारांची घरे उभी राहिली, आणि पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या गावांच्या शेतात पुढे इमारती आल्या. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या शहरात सेवा असमान असणे हा इतिहासाचा भाग आहे. ती असमानता मोजली न जाणे हा मात्र आजचा निर्णय आहे, आणि तो बदलता येतो.

सेवांच्या न्याय्य वाटपावरचे संशोधन इथे उपयोगी पडते. अमेरिकेत १९७१ साली मिसिसिपी राज्यातल्या शॉ या छोट्या गावाविरुद्धचा खटला अपील न्यायालयात निकाली निघाला. कच्च्या रस्त्यांवरच्या घरांपैकी सुमारे ९८ टक्के घरे कृष्णवर्णीयांची होती. तसेच गटाराची जोडणी नसलेल्या घरांपैकी ९७ टक्के घरे त्यांच्याच वस्त्यांतली होती. गावाच्या कारभाऱ्यांचा हेतू काय होता ते सिद्ध करण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही, आकडेच पुरेसे ठरले. घरनिहाय मोजणी नसती तर हा खटला उभाच राहिला नसता.

त्याहून महत्त्वाचे काम १९७४चे. फ्रँक लेव्ही, अर्नोल्ड मेल्ट्सनर आणि एरन विल्डाव्हस्की यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातल्या शाळा, रस्ते आणि ग्रंथालये तपासली. ग्रंथालयांत नव्या पुस्तकांचा पैसा पुस्तकांच्या देवघेवीच्या प्रमाणात वाटला जात होता. गरीब भागातल्या शाखेत देवघेव कमी, म्हणून पुस्तके कमी. पुस्तके जुनी राहिली, म्हणून देवघेव आणखी कमी. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. अधिकाऱ्यांनी कामाच्या सोयीसाठी केलेला एक साधा नियमच विषमता वाढवत होता. पुढे १९७७ साली रॉबर्ट लाइनबेरी यांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचा अभ्यास केला. विशिष्ट समाजाला ठरवून डावलल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, तरीही सेवा असमान होत्या, आणि कारण पुन्हा खात्यांचे नेहमीचे नियमच होते.

नाशिकमध्येही दोषी माणूस शोधण्यात वेळ घालवू नये. नियम तपासावेत.

पहिला नियम, तक्रार आली की काम. जिथून तक्रारी कमी, तिथे सेवा बरी असा अर्थ यातून काढला जातो. प्रत्यक्षात तक्रारींच्या आकड्यातून तक्रार करण्याची ताकद कळते, सेवेची स्थिती कळत नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार नळजोडणी आपल्या नावावर नसताना तक्रार कुठल्या नावाने नोंदवणार? शिवाय वर्षानुवर्षे उपयोग झाला नाही की लोक तक्रार करणेच सोडतात. म्हणून प्रत्येक क्षेत्रात तक्रार असो वा नसो, ठरावीक संख्येच्या घरांची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती घरे चिठ्ठी टाकून निवडलेली हवीत.

दुसरा नियम, प्रत्येक नगरसेवकाला सारखा निधी. दिसायला हा सर्वांत न्याय्य. पण बांधून पूर्ण झालेल्या प्रभागात त्या निधीतून चांगले पेव्हर ब्लॉक काढून नवे बसतात, आणि शहराच्या कडेच्या प्रभागात तेवढ्याच रकमेत एका रस्त्याची भुयारी गटारही पूर्ण होत नाही.

तिसरा, बिल्डरने महापालिकेकडे हस्तांतरित न केलेल्या ले-आऊटमध्ये (वसाहतीसाठी पाडलेल्या भूखंडांत) महापालिकेने खर्च करायचा नाही. हा नियम बिल्डरला वचक बसावा म्हणून आहे. शिक्षा मात्र घर घेणाऱ्याला होते, आणि तो घरपट्टी भरत असतो. गुंठेवारीतल्या, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे विनापरवाना पाडून बांधलेल्या, घरांचीही हीच गत. २००१चा गुंठेवारी कायदा आणि २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट मोकळी केली. पण नियमितीकरणाचे शुल्क भरून घेतल्यावर त्याच भागात गटार आणि रस्ता किती महिन्यांत द्यायचा, हे ठरवलेले नसेल तर ते शुल्क नुसती वसुली ठरते.

आता मोजणीचे एकक. प्रभाग हे एकक चालणार नाही. २०१२च्या निवडणुकीत शहरात दोन सदस्यांचे ६१ प्रभाग होते, २०१७मध्ये बहुतेक चार सदस्यांचे ३१ झाले. सीमा दर वेळी बदलल्या की पाच वर्षांपूर्वीशी तुलनाच करता येत नाही. सहा विभाग (पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड) खूप मोठे आहेत. एका विभागात बंगल्यांची वसाहत आणि झोपडपट्टी एकत्र येते आणि सरासरी दोघांनाही झाकते. जलकुंभाचे क्षेत्र मात्र जमिनीतल्या वाहिन्यांनी ठरलेले असते. ते निवडणुकीने बदलत नाही, त्याची जबाबदारी एका उपअभियंत्यावर असते, आणि पाणी, गटार, रस्ता, घंटागाडीचा मार्ग, बसथांबा हे सगळे त्याच नकाशावर बसवता येते.

पाण्याबद्दल तपशिलात लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त करण्यासारखे आहे.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्रीय मानक दरडोई रोज १३५ लिटर. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर. नळ दीड तास येत असेल, तर मिनिटाला साडेसात लिटर पडायला हवे. म्हणजे १५ लिटरची बादली दोन मिनिटांत भरली पाहिजे. तीच बादली पाच मिनिटांत भरत असेल तर मिनिटाला तीन लिटर, दीड तासात २७० लिटर, दरडोई ५४. एवढी मोजणी बादली आणि मोबाइलमधल्या घड्याळावर होते. ती वाहिनीच्या सुरुवातीला, मध्यावर, शेवटच्या टोकाला आणि क्षेत्रातल्या सर्वांत उंच घरी करावी. प्रत्येक ठिकाणी पाणी येण्याच्या वेळेच्या सुरुवातीला, मध्याला आणि संपायच्या आधी, अशी तीनदा करावी. एकदाच केलेली मोजणी फसवते, कारण पहिल्या दहा मिनिटांत वाहिनी भरत असते आणि शेवटी जलकुंभाची पातळी उतरलेली असते. घरातली मोटर बंद ठेवून मोजावे हेही आलेच.

दाबासाठी नळजोडणीवर, मोटरच्या आधी, शून्य ते चार किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाबमापक बसवावा. जुन्या केंद्रीय नियमपुस्तिकेप्रमाणे एकमजली भागात ७ मीटर आणि दुमजली भागात १२ मीटर (पाणी तेवढे उंच चढेल इतका) दाब शिल्लक असायला हवा. म्हणजे काटा अनुक्रमे ०.७ आणि १.२ किलोच्या खाली जाता कामा नये. तो जिथे ०.२वर हलत असतो, तिथे लोक नळाला थेट मोटर लावतात. मोटरने पुढच्या घराचे पाणी ओढले जाते, मग त्या घरचेही मोटर घेतात. मोटरी जप्त करण्याची मोहीम आम्ही समजू शकतो, पण दाब न वाढवता केलेली जप्ती टिकत नाही. आणखी एक धोका असा की पाणी बंद झाल्यावर रिकाम्या वाहिनीत मोटरींमुळे पोकळी होते, आणि शेजारून जाणाऱ्या गळक्या गटाराचे पाणी सांध्यांतून आत शिरते. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाण्याचे आणि ठरावीक वेळच्या पाण्याचे भाग शेजारी शेजारी असताना संशोधकांनी नळाचे नमुने तपासले, तेव्हा ठरावीक वेळच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू कितीतरी अधिक वेळा सापडले. म्हणून दाबाची तूट ही आरोग्याचीही बाब आहे.

जलकुंभाच्या मुखाशी मोठा मीटर हवा. मीटर बसवूनही आकडा चुकतो याची कारणे ठरलेली आहेत. विद्युतचुंबकीय मीटरच्या आधी वाहिनीच्या व्यासाच्या किमान पाचपट आणि नंतर तीनपट सरळ लांबी लागते. ३०० मिलिमीटरच्या वाहिनीला आधी दीड मीटर, नंतर नव्वद सेंटिमीटर. जागा नाही म्हणून तो व्हॉल्व्हला किंवा बेंडला लागूनच बसवला, की भोवऱ्यामुळे वाचन चुकते. पातळी उतरून वाहिनी अर्धी भरलेली असेल तरी चुकते. ऊर्ध्ववाहिनीवरून (जलकुंभात पाणी चढवणाऱ्या वाहिनीवरून) थेट दिलेल्या जोडण्या जलकुंभाच्या मीटरमध्ये येतच नाहीत. त्या शोधून वेगळ्या मांडल्या नाहीत तर गळतीचा आकडा खोटा ठरतो.

आणि व्हॉल्व्हमनची नोंदवही. बहुतेक वेळा असमानता इथेच घडते आणि कागदावर तिचा मागमूस नसतो. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती आटे उघडला, तेव्हा जलकुंभात पाणी किती मीटर होते, कधी बंद केला, अशा चार नोंदी हव्यात. तीस आट्यांचा व्हॉल्व्ह रोज बाराच आटे उघडला जात असेल तर पुढच्या वस्तीला पाणी कमी का, हे शोधायला सल्लागार कंपनी लागत नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचा क्रम कायम एकच असेल, तर शेवटच्या वस्तीला वर्षभर उतरलेल्या पातळीचेच पाणी मिळते. क्रम आठवड्याने फिरवायला एक पैसाही लागत नाही. ज्यांच्या हातात हे काम आहे त्या कर्मचाऱ्यांना शहराच्या पाण्याबद्दल जेवढे कळते तेवढे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नाही. त्यांना धाकात ठेवून नोंदी मागू नयेत, सोबत घेऊन मागाव्यात.

दरडोई काढताना भाजक कोणता, हा प्रश्न उरतो. २०११ची लोकसंख्या वापरली की वाढत्या कडांवर अन्याय होतो, कारण तिथली माणसे त्या यादीत नाहीतच. नवी जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. तिचे प्रगणन गट (मोजणीसाठी पाडलेले छोटे भाग) जलकुंभाच्या क्षेत्रांशी जोडून ठेवण्याची तयारी आताच करावी. तोवर घरपट्टीतील निवासी मिळकती वापराव्या लागतील, दोन दुरुस्त्या करून. अंबड, चुंचाळ्यासारख्या भागात एका मिळकत क्रमांकाखाली भाड्याच्या अनेक खोल्या असू शकतात, तिथे खोल्या मोजाव्यात. नव्या संकुलांत उलट, विकलेले पण बंद फ्लॅट असतात, तिथे महिन्याचा वीजवापर नगण्य असलेली मीटरे वगळावीत. महावितरणकडून नावे नकोत, क्षेत्रनिहाय संख्या पुरेशी आहे. घरपट्टीच्या यादीत नसलेल्या वस्त्या प्रत्यक्ष मोजाव्यात. त्या सुटल्या तर सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी, तेच हिशेबाबाहेर राहतील.

बससेवेबद्दल थोडक्यात. ८ जुलै २०२१ला सुरू झालेल्या सिटीलिंकमुळे शहराला पुन्हा बस मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण थांब्याभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढून ‘इतके टक्के लोक सेवेत’ म्हणणे चूक आहे. सिडको आणि इंदिरानगर यांच्यामधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, सिन्नर फाटा आणि नाशिकरोडच्या मधून रेल्वेमार्ग. नकाशावर ३०० मीटर दिसणारा थांबा चालत किलोमीटरभर पडू शकतो. अंतर पायवाटेने मोजावे. दुसरे, फेऱ्यांची संख्या सारखी असूनही थांबण्याचा वेळ वेगळा असतो. तासाला दोन बस ३० मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी १५ मिनिटे थांबावे लागते. त्याच दोन बस ५ आणि ५५ मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी २५ मिनिटे. म्हणून वेळापत्रक नको, जीपीएसवरून प्रत्यक्ष अंतरे प्रसिद्ध करावीत, आणि औद्योगिक वसाहतीतली दुसरी पाळी सुटण्याचा तास वेगळा दाखवावा. उत्पन्न कमी म्हणून फेरी बंद करणे हा तर ओकलंडच्या ग्रंथालयाचाच नियम.

दवाखान्यांसाठी राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचे मानक ५० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक केंद्र. केंद्रांची संख्या भागून उत्तर काढू नये. आधी प्रत्येक केंद्राच्या आवाक्यातली लोकसंख्या मोजून तिथल्या एका डॉक्टरवर किती माणसांचा भार पडतो ते काढावे. मग प्रत्येक वस्तीच्या आवाक्यात येणाऱ्या केंद्रांचे दर माणशी डॉक्टरांचे प्रमाण बेरजेत घ्यावे. ही दोन टप्प्यांची पद्धत भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात शिकवली जाते, आणि मोफत संगणक प्रणालीवर एका दिवसात होते.

मोकळ्या जागांचा विषय तातडीचा आहे. २ डिसेंबर २०२०पासूनच्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार ०.४ हेक्टर आणि त्यावरील भूखंडाच्या विकासात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. वाटण्या होऊन ३५-३५ गुंठ्यांचे तुकडे वेगवेगळे मंजुरीला आले की कायदा न मोडता सगळा परिसर उद्यानाविना भरतो. यावर खरा उपाय नगररचना योजना हाच, असे आम्हाला वाटते; तीत मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-उद्यानांची जागा काढतात आणि प्रत्येकाला नव्याने आखलेला ‘अंतिम भूखंड’ परत देतात. मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारातल्या योजनेला जमीनमालकांनी विरोध केला हे आम्ही विसरलेलो नाही. शेतकऱ्याला त्याचा अंतिम भूखंड कुठे, किती, कोणत्या दराने, हे सही मागण्याआधी कागदावर दाखवले तर बोलणी निदान सुरू होतात.

शिवाय शहराचा सध्याचा विकास आराखडा २०१७ साली मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७प्रमाणे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली पण दहा वर्षांत संपादन न झालेली जागा (आरक्षण) विकत घ्या, अशी खरेदी सूचना मालक देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत (आपोआप रद्द) होते. ती दहा वर्षे २०२७मध्ये भरतात. सगळी आरक्षणे घेण्याइतका पैसा नाही, हे उघड आहे. म्हणून मैदान, शाळा, दवाखाना यांची ज्या क्षेत्रात सर्वांत जास्त तूट, तिथली आरक्षणे आधी, अशी क्रमवार यादी आत्ताच हवी. ती नसली तर जो मालक आधी सूचना देईल त्याच्या जागेचा विचार आधी होईल, आणि शहराची गरज कुठल्या कुठे राहील. २०२७च्या सिंहस्थाची कामे जोरात आहेत आणि ती व्हायलाच हवीत. त्यातल्या वाहिन्या व रस्ते नंतर कोणत्या क्षेत्राच्या तुटीत धरले जाणार, तेवढे प्रत्येक प्राकलनात (कामाच्या खर्चाच्या अंदाजात) लिहावे.

पैशाच्या वाटपाचे सूत्र अवघड नाही. समजा, एका क्षेत्रात २० हजार लोक आणि दरडोई ९० लिटर. तूट ४५ लिटर, म्हणजे रोज ९ लाख लिटर. दुसऱ्यात ३० हजार लोक आणि १२० लिटर. तूट साडेचार लाख. नव्या वाहिन्यांचा निधी या दोघांत दोनास एक वाटावा. संपूर्ण अंदाजपत्रक असे वाटता येणार नाही. देखभाल सगळीकडेच लागते. पण नव्या भांडवली कामांचा निम्मा निधी तरी तुटीच्या प्रमाणात जावा. बांधकाम परवानगीच्या वेळी घेतलेले विकास शुल्क कोणत्या क्षेत्रातून किती आले आणि तिथे किती खर्च झाले, हे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापावेत.

विभागप्रमुखांना विनंती अशी, की दरवर्षी विद्यार्थी शहरावर प्रबंध लिहितात आणि ते कपाटात जातात. कारण प्रत्येकाची प्रश्नावली वेगळी, सीमा वेगळ्या, नमुना मित्रांच्या घरांचा. सर्वांनी जलकुंभाचे क्षेत्र हेच एकक आणि एकच मोजणीपत्रक वापरले, तर पाच वर्षांत शहराकडे अशी माहिती जमेल जी विकत घेता येत नाही. महापालिकेने त्या बदल्यात वाहिन्यांचे नकाशे द्यावेत. सुरक्षेसाठी पंपिंग स्टेशनांचा तपशील वगळला तरी चालेल.

सुरुवात एका तक्त्याने होऊ शकते. जलकुंभाचे नाव, क्षमता, नळजोडण्या, अंदाजित लोकसंख्या, मीटरवरचे रोजचे पाणी, टोकाच्या घरचा दाब, पाण्याचे तास, भुयारी गटार नसलेली घरे, चालू वर्षात दिलेल्या कार्यारंभ आदेशांची रक्कम. सरासरीसोबत खालच्या दहा टक्के घरांना काय मिळते तो आकडा हवाच. जिथे मोजणी झालेली नाही तिथे रकाना कोरा ठेवून ‘मोजलेले नाही’ असे लिहावे, अंदाज भरू नये. दरवर्षी ३१ जुलैच्या आत पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल महासभेपुढे येतो. हा तक्ता त्याच्यासोबत मराठीत आणि संगणकावर वापरता येईल अशा स्वरूपात ठेवावा. पहिल्या वर्षी सहा विभागांतला प्रत्येकी एक जलकुंभ घेतला तरी पुरे, फक्त त्यातले किमान तीन शहराच्या कडेचे असावेत. मोजणीचे पत्रक आम्ही तयार केले आहे आणि व्हॉल्व्हमन, कनिष्ठ अभियंते व विद्यार्थी यांना ते कसे भरायचे हे विनामोबदला शिकवायला आम्ही येऊ.

आपले,
नाशिकमधील नगररचना, भूगोल आणि पाणीपुरवठा अभियांत्रिकीचे काही अभ्यासक